पानात व्हिडिओ बसवताना: व्हॅलिडेटर काय पकडतो आणि काय सोडून देतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर व्याख्यानमालेचे व्हिडिओ दाखवायचे आहेत. काही व्हिडिओ यूट्यूबवर आहेत, काही एमपी४ फाइलींच्या रूपात संस्थेच्याच सर्व्हरवर आहेत, आणि बऱ्याच वर्षांपूर्वी केलेल्या काही पानांवर फ्लॅश प्लेअरचा जुना कोड अजून तसाच पडून आहे. यूट्यूबवरून उचललेला कोड पानात टाकून डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या व्हॅलिडेटरमधून, म्हणजे कोड तपासणाऱ्या साधनातून, तपासला की लाल ओळी येतात. व्हिडिओ मात्र व्यवस्थित चालतो. अशा वेळी त्या ओळींची दखल घ्यावी का, आणि मानकांना धरून कोड लिहायचा तर तो नेमका कसा लिहावा?

दखल घ्यावी. त्या ओळी थोड्या वेळात दूर होतात; परंतु त्या गेल्या म्हणजे काम संपले असे समजू नये. व्हिडिओच्या बाबतीत व्हॅलिडेटर ज्या चुकांबद्दल हमखास तक्रार करतो त्यांतल्या बहुतेकांचा प्रेक्षकाला पत्ताही लागत नाही, आणि ज्या चुकांमुळे प्रेक्षक खरोखर अडतो त्यांतल्या बऱ्याच व्हॅलिडेटरला दिसतच नाहीत. तो फक्त मार्कअपचे, म्हणजे पानाच्या एचटीएमएल कोडचे, व्याकरण तपासतो. फाइल कोणत्या कोडेकमध्ये (चित्र आणि आवाज लहान करून साठवण्याच्या पद्धतीत) आहे, सर्व्हर ती कशी पाठवतो, कॅप्शन्स आहेत की नाहीत, हे पाहणे त्याचे कामच नाही. (पुढे टॅग आणि ॲट्रिब्यूट यांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, कोडमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत लिहायची.)

यूट्यूबच्या कोडपासून सुरुवात करू. तो आयफ्रेम टॅग, म्हणजे एका पानात दुसरे पान दाखवणारी चौकट, असतो आणि त्यात ‘फ्रेमबॉर्डर’ हे ॲट्रिब्यूट शून्य किमतीसह येते. एचटीएमएल५ ने ते कालबाह्य ठरवले आहे, म्हणून लाल ओळ येते. ते काढून टाकावे आणि स्टाइलशीटमध्ये (सीएसएसमध्ये) आयफ्रेमची ‘बॉर्डर’ शून्य करावी. सगळे ब्राउझर ते ॲट्रिब्यूट आजही मानतात, त्यामुळे व्हिडिओ चालण्या-न चालण्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. दुसरी लाल ओळ बहुधा आपणच ओढवून घेतो. मोबाइलच्या पडद्यावर व्हिडिओ मावावा म्हणून ‘विड्थ’मध्ये शंभर टक्के असे लिहिले जाते, आणि मानकानुसार या ॲट्रिब्यूटमध्ये फक्त पूर्णांक चालतो, टक्क्याचे चिन्ह चालत नाही. तेथे ५६० आणि ३१५ हे मूळ आकडेच राहू द्यावेत आणि लवचिकता सीएसएसकडे सोपवावी: रुंदी शंभर टक्के, उंची ‘ऑटो’ आणि ‘ॲस्पेक्ट-रेशो’ सोळास नऊ. यातला शेवटचा गुणधर्म विसरला तर आयफ्रेमची उंची १५० पिक्सेलवर येऊन व्हिडिओ चपटा दिसतो, कारण आयफ्रेमला चित्रासारखे स्वतःचे असे प्रमाण नसते. हा गुणधर्म २०२१ मध्ये सर्व प्रमुख ब्राउझरांत आला. त्याआधी बाहेरच्या डिव्हला खालून ५६.२५ टक्के पॅडिंग देऊन आयफ्रेम त्यात ताणून बसवण्याची युक्ती सर्रास वापरली जात असे. नऊला सोळाने भागले की हा आकडा येतो. जुन्या थीममध्ये ती युक्ती आढळली तर घाईने उपटून काढू नये. ती वैध आहे आणि आजही चालते.

पानाच्या सुरुवातीचा डॉकटाइप, म्हणजे पान एचटीएमएलच्या कोणत्या आवृत्तीत आहे हे सांगणारी ओळ, एकदा पाहून घ्यावा. तो एक्सएचटीएमएल १.० स्ट्रिक्ट असेल तर आयफ्रेम हा टॅगच त्यात बसत नाही, आणि मग कोड कितीही घासूनपुसून घेतला तरी लाल ओळ जाणार नाही. सोपा उपाय म्हणजे एचटीएमएल५ चा छोटा डॉकटाइप लावणे. जुना डॉकटाइप ट्रांझिशनल असेल तर मात्र बदलानंतर मांडणी डोळ्यांखालून घालावी. त्या डॉकटाइपखाली ब्राउझर काही बाबतीत जुन्या पद्धतीने वागतो, आणि बदल केल्यावर टेबलच्या चौकटींत बसवलेल्या चित्रांखाली अचानक बारीक फट दिसू लागते. ज्यांची पाने टेबलांवर उभी आहेत त्यांना हा अनुभव ठरलेलाच.

आयफ्रेममध्ये यूट्यूबचा नेहमीचा पाहण्याचा पत्ता, म्हणजे ‘वॉच’ असलेला, देऊन चालत नाही. ते पान दुसऱ्या पानात उघडायला यूट्यूब परवानगीच देत नाही. ‘एम्बेड’ असलेला पत्ता द्यावा, आणि प्रेक्षकांच्या मागे कुकीज लावायच्या नसतील तर यूट्यूबच्याच ‘नोकुकी’ डोमेनचा पत्ता द्यावा. व्हिडिओचा क्रमांक दोन्हींकडे तोच राहतो. ‘अलाउ’ या ॲट्रिब्यूटमध्ये यूट्यूब ॲक्सेलरोमीटर, जायरोस्कोप अशी लांबलचक यादी देते. व्याख्यानाच्या साध्या व्हिडिओला त्यातले फारसे काही लागत नाही, आणि जे लागत नाही ते परक्या प्लेअरला देऊ नये असे माझे मत आहे. ‘रेफरर-पॉलिसी’ला मात्र हात लावू नये. मागणी कोणत्या संकेतस्थळावरून आली हे यूट्यूब आता पाहते, आणि कोणी सुरक्षेच्या हौसेने संपूर्ण साइटवर ‘नो-रेफरर’ धोरण लावून ठेवले असेल तर प्लेअरच्या जागी त्रुटीचा संदेश येतो. तेव्हा लोक कोडमध्ये चूक शोधत बसतात. चूक सर्व्हरच्या हेडरमध्ये, म्हणजे पानासोबत तो पाठवत असलेल्या सूचनांमध्ये, असते.

आता व्हॅलिडेटर न सांगणारी पहिली गोष्ट. आयफ्रेमला ‘टायटल’ नसले तरी लाल ओळ येत नाही. यूट्यूब ते देते, पण प्रत्येक व्हिडिओला एकच: ‘यूट्यूब व्हिडिओ प्लेअर’. व्याख्यानमालेच्या पानावर बारा व्हिडिओ असतील तर स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध वाचकाला फ्रेम्सच्या यादीत तेच शब्द बारा वेळा ऐकू येतात आणि कोणते व्याख्यान कोठे आहे याचा थांग लागत नाही. प्रत्येक आयफ्रेमच्या टायटलमध्ये व्याख्यानाचा विषय आणि वक्त्याचे नाव मराठीत लिहावे, आणि पानाच्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषा ‘एमआर’ अशी नोंदवावी, म्हणजे स्क्रीन रीडर ते मराठी म्हणून वाचायचा प्रयत्न तरी करतो. पानावर व्हिडिओ बरेच असतील तर ‘लोडिंग’मध्ये ‘लेझी’ हेही लिहून टाकावे. दिसण्याजोगा जवळ येईपर्यंत तो प्लेअर उतरवला जात नाही.

संस्थेच्या स्वतःच्या फाइलींसाठी व्हिडिओ टॅग वापरावा. त्यातली अनेक ॲट्रिब्यूट नुसत्या उपस्थितीने काम करतात, त्यांना किंमत लागत नाही. ‘कंट्रोल्स’ हे त्यांपैकी एक. कोणी ‘कंट्रोल्स बरोबर फॉल्स’ असे लिहिले तर बटणे दिसेनाशी होतील अशी अपेक्षा असते, पण ती दिसतातच, कारण शब्द तेथे आहे एवढेच ब्राउझर पाहतो. बटणे नको असतील तर शब्दच काढावा लागतो. व्याख्यानाच्या पानावर मात्र ती असलीच पाहिजेत. ब्राउझरची मूळची बटणे कीबोर्डवरून चालतात. घरी शिवलेल्या सुंदर प्लेअरमध्ये हे बहुधा सुटून जाते.

पत्ता व्हिडिओ टॅगवर ‘एसआरसी’मध्ये थेट द्यावा किंवा आत ‘सोर्स’ टॅगांनी द्यावा. दोन्ही एकदम देऊ नये, तसे केले तर आतले सोर्स दुर्लक्षिले जातात. सोर्स एकाहून अधिक असतील तर ब्राउझर वरून खाली जातो आणि आपल्याला वाजवता येईल असा पहिला घेतो. त्यांतला सर्वांत चांगला शोधत नाही. म्हणून एव्ही१ किंवा व्हीपी९ या कोडेकमधली लहान फाइल असेल तर ती वर आणि सर्वत्र चालणारी एच.२६४ ची फाइल खाली, असा क्रम ठेवावा. प्रत्येक सोर्सला ‘टाइप’ द्यावा, म्हणजे न चालणारी फाइल उतरवून पाहण्याचा खटाटोप ब्राउझर करत नाही. ग्रंथालयाच्या गरजेला एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज असलेली एकच एमपी४ पुरेशी आहे, आणि दोन-तीन स्वरूपे करत बसण्यापेक्षा तो वेळ कॅप्शन्सना द्यावा असे मी सुचवीन.

येथे एक फसवी जागा आहे. एमपी४ हे डब्याचे नाव आहे. आत काय भरले आहे ते त्यावरून कळत नाही. अलीकडच्या आयफोनवर केलेले चित्रण, सेटिंग बदलले नसेल तर, एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ मध्ये साठते. ती फाइल नुसते शेपूट बदलून एमपी४ म्हणून चढवली तर ज्याने चढवली त्याच्या मॅकवर ती छान चालते आणि वाचनालयातल्या जुन्या विंडोज संगणकावर आवाज येतो पण चित्र काळे राहते. कोड वैध, फाइल जागेवर, आणि तरी तक्रार येते. एफएफएमपेग या मोफत साधनाने ती एच.२६४ मध्ये, ४:२:० रंगप्रकारात बदलून घेणे हा त्यावरचा खात्रीचा इलाज आहे.

बदलून घेतानाच ‘फास्टस्टार्ट’ हा पर्याय लावावा. एमपी४ मध्ये ‘मूव्ह’ नावाचा एक भाग असतो. कोणती फ्रेम फाइलीत कोठे आहे याची अनुक्रमणिका त्यात असते. चित्रण संपल्यावरच ती तयार होत असल्यामुळे अनेक सॉफ्टवेअरे ती फाइलीच्या शेवटी लिहितात, आणि ती हाती आल्याशिवाय ब्राउझरला काहीच दाखवता येत नाही. सर्व्हर चांगला असेल तर ब्राउझर शेवटचा तुकडा वेगळा मागून घेतो. नसेल तर दीड तासाचे व्याख्यान पूर्ण उतरेपर्यंत चाक फिरत राहते. फास्टस्टार्ट ही अनुक्रमणिका पुढे आणून ठेवतो. चित्र पुन्हा एन्कोड करावे लागत नाही, त्यामुळे मोठ्या फाइलीचेही काम पटकन होते आणि दर्जा तसूभरही घटत नाही.

चांगला सर्व्हर म्हणजे काय, तेही सांगतो. ब्राउझर ‘या बाइटपासून त्या बाइटपर्यंत द्या’ अशी मागणी करतो आणि सर्व्हरने त्याला २०६ या स्थितिक्रमांकाने तेवढाच तुकडा पाठवायचा असतो. अपाचे आणि एन्जिनएक्स ही सर्व्हर-सॉफ्टवेअरे साध्या फाइलींसाठी हे आपोआप करतात. अडचण येते ती कोणी पीएचपीच्या स्क्रिप्टमधून फाइल पाठवत असेल तेव्हा: स्क्रिप्ट २०० म्हणून अख्खी फाइल ओतते, क्रोममध्ये व्हिडिओ सुरू होतो पण पुढे सरकवता येत नाही, आणि सफारीत तो सुरूच होत नाही, कारण सफारी तुकड्यांची ही सोय असल्याशिवाय व्हिडिओ वाजवत नाही. ‘आयफोनवर चालत नाही’ अशा तक्रारीचे मूळ मला टॅगपेक्षा येथेच अधिक वेळा सापडलेले आहे. फाइलीचा माइम टाइप, म्हणजे ती कोणत्या प्रकारची आहे हे सांगणारा सर्व्हरचा शब्द, ‘व्हिडिओ/एमपी४’ असाच जातो आहे ना, हेही त्याच वेळी पाहावे.

व्हिडिओ टॅगच्या पोटात ‘आपला ब्राउझर व्हिडिओ दाखवू शकत नाही’ असे वाक्य लिहिण्याचा प्रघात आहे. त्याविषयी गैरसमज फार आहे. ते वाक्य फक्त व्हिडिओ हा टॅगच न समजणाऱ्या ब्राउझरला दिसते, आणि असा ब्राउझर आज शोधूनही सापडणार नाही. फाइल सापडली नाही, कोडेक जुळला नाही, जाळे तुटले, यांपैकी कशातही ते दिसत नाही. तेव्हा ‘व्हिडिओ उतरवून घ्या’ हा दुवा, फाइलीच्या आकारासह, टॅगच्या बाहेर, व्हिडिओखाली साध्या परिच्छेदात द्यावा. तो सर्वांना दिसतो आणि सर्वांच्या उपयोगी पडतो.

‘प्रीलोड’मध्ये ‘मेटाडेटा’ लिहावे आणि ‘पोस्टर’मध्ये एक हलके चित्र द्यावे. ‘ऑटोप्ले’ लावू नये. क्रोमने २०१८ पासून आवाजासह आपोआप सुरू होणारे व्हिडिओ सहसा अडवलेलेच आहेत, आणि तीन सेकंदांहून अधिक काळ आपोआप वाजणारा आवाज थांबवण्याची सोय नसेल तर डब्ल्यूसीएजी या, अपंगांनाही संकेतस्थळ वापरता यावे यासाठीच्या, मार्गदर्शक तत्त्वांचा अगदी प्राथमिक स्तराचा निकषही मोडतो.

आता कॅप्शन्स, ज्याबद्दल व्हॅलिडेटर अवाक्षर काढत नाही. व्हिडिओत ‘ट्रॅक’ टॅग नसला तरी पान शंभर टक्के वैध ठरते. डब्ल्यूसीएजीच्या दृष्टीने मात्र आधी चित्रित करून ठेवलेल्या व्हिडिओला कॅप्शन्स असणे हा ‘ए’ स्तराचा, म्हणजे किमान, निकष आहे, आणि भारतातल्या सरकारी संकेतस्थळांसाठीची जीआयजीडब्ल्यू ही मार्गदर्शक तत्त्वेही डब्ल्यूसीएजीवरच उभी आहेत. ट्रॅक टॅगमध्ये ‘काइंड’, ‘एसआरसी’, भाषेसाठी ‘एसआरसीलँग’ आणि प्रेक्षकाला यादीत दिसणारे ‘लेबल’ द्यावे. भाषेचा संकेत ‘एमआर’ आणि लेबल सरळ ‘मराठी’. काइंडमध्ये ‘सबटायटल्स’ आणि ‘कॅप्शन्स’ यांतला भेद पाळावा. सबटायटल्स भाषा न कळणाऱ्यासाठी असतात. कॅप्शन्स ऐकू न येणाऱ्यासाठी असतात, म्हणून त्यांत टाळ्या, हशा, श्रोत्यांतून आलेला प्रश्न, हेही कंसात लिहावे लागते.

कॅप्शन्सची फाइल वेबव्हीटीटी स्वरूपात असते आणि तिचे नियम थोडे पण कडक आहेत. पहिल्या ओळीची सुरुवात ‘वेबव्हीटीटी’ या शब्दाने, रोमन मोठ्या अक्षरांत, व्हायलाच हवी. मग एक रिकामी ओळ. त्यानंतर प्रत्येक तुकड्याची सुरुवातीची आणि शेवटची वेळ, दोहोंमध्ये दोन आडव्या रेघा आणि बाणाचे टोक, त्याखाली मजकूर, आणि पुन्हा रिकामी ओळ. सेकंद आणि मिलिसेकंद यांच्यामध्ये टिंब असते. एसआरटी या कॅप्शन्सच्या दुसऱ्या स्वरूपाच्या फाइलीत तेथे स्वल्पविराम असतो, आणि एसआरटीचे नुसते नाव बदलून व्हीटीटी केलेल्या फाइली चालत नाहीत त्याचे हे ठळक कारण आहे.

मराठी कॅप्शन्स करणाऱ्यांच्या वाट्याला याखेरीज दोन खास अडचणी येतात, ज्यांचा उल्लेख इंग्रजी मार्गदर्शनांत सहसा सापडत नाही. पहिली अंकांची. मराठी कीबोर्ड चालू ठेवूनच वेळ टंकली की अंक देवनागरी पडतात. वेबव्हीटीटीला वेळेच्या ओळीत फक्त इंग्रजी अंक कळतात, त्यामुळे तो तुकडा निमूटपणे गाळला जातो. कोठेही त्रुटी दिसत नाही, आणि एखाद्याच ओळीत असे झाले असेल तर तेवढेच एक वाक्य गायब होते. फाइल पूर्ण झाल्यावर वेळेच्या ओळींत देवनागरी अंक शोधून पाहण्याची सवय लावावी. मजकुरात ते खुशाल असावेत. दुसरी अडचण जुन्या फाँटांची. ग्रंथालयाकडे भाषणांच्या मुद्रणप्रती अनेकदा श्रीलिपीसारख्या जुन्या प्रणालीतल्या, युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेल्या असतात. त्यांतला मजकूर चिकटवला तर पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा काला दिसतो, कारण त्या पद्धतीत मराठी अक्षर फक्त फाँटच्या चित्रात असते, मजकुराच्या संकेतात नसते. आधी तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, बदललेला मजकूर वाचून रफार आणि जोडाक्षरे नीट उतरली आहेत का ते पाहावे, आणि फाइल यूटीएफ-८ मध्येच साठवावी. वेबव्हीटीटीला दुसरी संकेतपद्धत चालत नाही.

फाइली वेगळ्या डोमेनवर ठेवल्या असतील तर व्हिडिओ टॅगवर ‘क्रॉसओरिजिन’ लावल्याशिवाय कॅप्शन्स उतरत नाहीत. आणि ते लावले पण त्या सर्व्हरने परवानगीचा हेडर पाठवला नाही, तर आधी चालणारा व्हिडिओसुद्धा बंद पडतो. म्हणून आधी हेडर, मग ॲट्रिब्यूट. तसेच पान संगणकावरून थेट फाइल म्हणून उघडून कॅप्शन्स तपासू नयेत, क्रोम ती तशी दाखवत नाही. छोटा स्थानिक सर्व्हर चालवून तपासावे. यूट्यूबवरच्या व्हिडिओंना हीच व्हीटीटी फाइल यूट्यूब स्टुडिओतून चढवता येते, आणि एम्बेडच्या पत्त्यात ‘सीसी-लोड-पॉलिसी’ एकवर ठेवली की कॅप्शन्स आपोआप दिसतात. पत्त्यात एकाहून अधिक पर्याय जोडताना मधले अँपरसँड चिन्ह एचटीएमएलच्या सुरक्षित रूपात, म्हणजे ‘एएमपी’ आणि अर्धविराम जोडून लिहावे.

राहिली फ्लॅशची जुनी पाने. त्यांत बाहेर ‘ऑब्जेक्ट’ आणि त्याच्या पोटात ‘एम्बेड’ अशी जोडगोळी दिसेल. एम्बेड हा नेटस्केपने आणलेला टॅग. डिसेंबर १९९९ च्या एचटीएमएल ४.०१ मध्ये तो नव्हता, म्हणून तो असलेले प्रत्येक पान अवैध ठरे. ड्रू मॅकलेलन यांनी २००२ मध्ये ‘अ लिस्ट अपार्ट’ या वेब-रचनेविषयीच्या नियतकालिकात एकट्या ऑब्जेक्टने काम भागवण्याची पद्धत मांडली. ती वैध होती, पण त्या कोडने इंटरनेट एक्सप्लोरर फाइल पूर्ण उतरेपर्यंत काहीच दाखवत नसे, म्हणून एक चिमुकली फाइल आधी लावून तिच्याकरवी खरी फाइल बोलवावी लागे. पुढे इओलास या कंपनीने पानात प्लेअर चालवण्याच्या पद्धतीच्या पेटंटवरून भरलेल्या खटल्यामुळे २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ब्राउझर असा बदलला की प्लेअरवर एकदा क्लिक केल्याशिवाय तो जागाच होत नसे, आणि ते टाळण्यासाठी सगळे जावास्क्रिप्टकडे वळले. गंमत अशी की ज्या एम्बेडपायी एवढी कसरत केली तो २०१४ च्या एचटीएमएल५ मध्ये अधिकृत झाला. त्यामुळे आज ती जुनी पाने एचटीएमएल५ चा डॉकटाइप लावून तपासली तर व्हॅलिडेटर एम्बेडबद्दल तक्रार करणार नाही, आणि तरीही तेथे व्हिडिओ दिसणार नाही: अडोबीने फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० रोजी थांबवले आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरमधून आशय चालणेच बंद केले.

तो कोड दुरुस्त करण्यात अर्थ नाही. तो पूर्ण काढावा आणि मूळ फाइली वाचवाव्यात. सर्व्हरवर फ्लॅशच्या एफएलव्ही फाइली असतील तर एफएफएमपेगसोबत येणाऱ्या एफएफप्रोबने आतला कोडेक पाहावा. एच.२६४ आणि एएसी निघाले, जे २००७ च्या अखेरीपासून फ्लॅशमध्ये शक्य होते, तर एफएफएमपेगच्या ‘कॉपी’ पर्यायाने डबा तेवढा बदलून एमपी४ करता येते, दर्जा न गमावता. सोरेन्सन किंवा व्हीपी६ हे जुने कोडेक निघाले तर नव्याने एन्कोड करावे लागेल. मूळ एफएलव्ही मात्र जपून ठेवावी. जुन्या कोडमध्ये यूट्यूबचा पत्ता असेल तर त्यात ‘व्ही’ आणि तिरप्या रेघेनंतर येणारा अकरा अक्षरांचा क्रमांक उचलून तो आयफ्रेमच्या एम्बेड पत्त्यात घालावा.

हे सर्व झाले की पान व्हॅलिडेटरमधून एकदा काढावे, आणि मग माऊस बाजूला ठेवून फक्त टॅब, स्पेस आणि बाणांच्या कळा वापरून व्हिडिओ सुरू, बंद, पुढे-मागे करून पाहावा. ब्राउझरच्या नेटवर्क विभागात जाळ्याचा वेग मुद्दाम कमी करून व्याख्यानाच्या मध्यावर उडी मारावी आणि फाइलीच्या ओळीपुढे २०६ दिसते का ते पाहावे. २०० दिसले तर टॅगमध्ये काहीही न बदलता होस्टिंगवाल्याला फोन करावा.